डॉक्टर नाही झालात, म्हणून काय झालं?

जानेवारी २०२५. सिंहगड रोडला आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो. अचानक सगळीकडे एकच शब्द ऐकू यायला लागला, जीबीएस. गुइलेन बॅरे सिंड्रोम. पायातली ताकद जाते, हात उचलत नाही, काही जणांना तर थेट व्हेंटिलेटर लागतो, असं काय काय कानावर येत होतं. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत. म्हणजे आमच्याच आजूबाजूला! आईचे दिवसाला चार फोन. ‘पाणी उकळून पितेस ना गं?’ मी ‘हो’ म्हणायचे. खरं सांगू? कधी उकळायचो, कधी नाही.

एका दुपारी दारावर तिघं जण आले. एक आरोग्यसेविका ताई, एक आशाताई आणि साधारण पंचविशीचा एक मुलगा. ताईंनी वहीत नावं लिहिली. कुणाला जुलाब झाले का, हातापायाला मुंग्या येतात का, बाहेर कुठे खाता, हे विचारलं. त्या मुलाने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलं, त्यात दोन-तीन थेंब टाकले आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली.

‘पिवळं झालं असतं तर पाण्यात क्लोरीन आहे असं समजायचं. तुमच्याकडे रंगच नाही आला. वरची टाकी शेवटची कधी धुतली?’

आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. दोन वर्षं ते पाणी पीत होतो, पण टाकी कुठे आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं. तो गच्चीवर गेला, मागून मीही गेले. टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं आणि कडेला कबुतराची पिसं. त्याने फोटो काढला, घरमालकांना फोन लावला आणि शांतपणे, अजिबात आवाज न चढवता, टाकी धुवून घ्यायला सांगितलं. रविवारी टाकी धुतली गेली.

मी त्याला विचारलं, ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ तो हसला. ‘नाही हो ताई. बीए, भूगोल. वर स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमा केलाय.’

आज दीड पानाचा करिअरचा विषय लिहायला घेतला, तर मला तोच मुलगा आठवला. कारण त्या दिवशी आमच्या घरात आरोग्याचं जे खरं काम झालं, ते भूगोलात बीए केलेल्या मुलाने केलं. आणि आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे, की असं काही शिकता येतं?

वीस लाखांची रांग

बारावी सायन्सला आमच्या वर्गात ‘पुढे काय?’ या प्रश्नाची दोनच उत्तरं होती, नीट नाहीतर सीईटी. दरवर्षी देशात वीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात. उरलेल्यांचं काय? ती रिपीट करतात, पुन्हा रिपीट करतात, मग ‘आपलं मेडिकलचं स्वप्न संपलं’ म्हणून बीएस्सीला येतात आणि मागच्या बाकावर गप्प बसतात. तुमच्याही वर्गात असं कुणीतरी आहे. कदाचित ते तुम्हीच आहात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मेडिकल आणि आरोग्य हे दोन वेगळे शब्द आहेत. आजारी पडल्यावर डॉक्टर लागतो, हे सगळ्यांना समजतं. पण माणूस आजारीच पडू नये म्हणून जे काम चालतं, ते वेगळं आहे आणि त्याला बहुतेक वेळा स्टेथोस्कोप लागत नाही. पाणी तपासणं, डासांची पैदास शोधणं, लसीकरणाची यादी करणं, कुठल्या वाडीत एकदम ताप का वाढला याचा छडा लावणं, लोकांशी बोलणं. याला सार्वजनिक आरोग्य म्हणतात. डॉक्टरसमोर एक पेशंट असतो, इथे समोर अख्खी वस्ती असते.

या शास्त्राची सगळ्यात गाजलेली गोष्ट १८५४ सालची आहे. लंडनमध्ये कॉलरा पसरला होता. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यू कुठल्या कुठल्या घरात झाले ते नकाशावर मांडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की सगळं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती जमा होतंय. पंपाचा दांडा काढण्यात आला. कॉलऱ्याचा जंतू त्या वेळी जगाने मान्यही केला नव्हता! नकाशा, मोजणी आणि घरोघरी जाऊन विचारलेले प्रश्न, एवढ्यावर त्याने माग काढला. आता परत बघा, आमच्या गच्चीवर भूगोलाचा पदवीधर काय करत होता?

हे बाहेरून आलेलं खूळ नाही

‘पब्लिक हेल्थ म्हणजे फॉरेनला जाऊन करायचं काहीतरी’ असं एक मैत्रीण मला म्हणाली. तिला मी एक तारीख सांगितली, १० मार्च १८९७. पुण्यात प्लेगची साथ असताना रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांना त्याच प्लेगने गाठलं आणि त्या दिवशी त्या गेल्या. आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणून ओळखतो, ते योग्यच आहे. पण साथीत घाबरून दार लावून न बसता माणसांपर्यंत जाणारी ती बाई सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही मोठी आहे.

त्याच साथीची दुसरी बाजूही बघा. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. त्यावर इंग्रज सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. होय, २०२० मध्ये कोविडला वापरला तोच. पुण्यात रँडच्या अमलाखाली सैनिक घराघरांत घुसून तपासण्या करायला लागले. लोक इतके चिडले, की पेशंट लपवायला लागले. पुढे चापेकर बंधूंनी काय केलं हे आपण शाळेत शिकलोय. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. साथ रोखायला लस लागते, कायदा लागतो, पण दारात उभा राहणारा माणूस कोण आहे आणि तो कुठल्या भाषेत बोलतो यावर सगळं अवलंबून असतं. सैनिक आला की लोक दार लावतात. आशाताई आली की ‘बसा, चहा घेता का?’ म्हणतात.

आणि हे काम फार शिकलेल्यांचंच आहे असंही नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्या बायकांनी गावं बदलली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला. त्या गावांमध्ये नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जगभर पोचलेलं हे काम आपल्या महाराष्ट्रातलं आहे. आपल्याच कॉलेजांना त्याचा पत्ता नाही, ही माझी खंत आहे.

शिकायचं कुठे, करायचं काय?

आता मुद्द्याचं. बारावीनंतर वर्षभराचा स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमा असतो. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेसारख्या जुन्या संस्था तो चालवतात. नगरपरिषदा, महापालिका, मोठी हॉस्पिटलं इथे त्याची गरज लागते. मुलींसाठी दोन वर्षांचा एएनएम हा आरोग्यसेविकेचा रस्ता आहे. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ होता येतं. सपाट भागात साधारण पाच हजार लोकांमागे आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असं गणित आहे. म्हणजे काम कुठे आहे? गावात आहे.

पदवीनंतर दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ करता येतं. आपल्या जवळ मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. लोकसंख्या आणि आकडेवारीत रस असेल तर देवनारची आयआयपीएस आहे, १९५६ पासूनची. काही एमपीएच अभ्यासक्रम फक्त डॉक्टरांसाठी असतात, काही कुठल्याही शाखेच्या पदवीधरासाठी खुले असतात. फॉर्म भरण्याआधी हे बघून घ्या.

बाकी कामांची यादी ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. क्षयरोग कार्यक्रमात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक असतो. पेशंटची औषधं मधेच बंद होत नाहीत ना, हे त्याने बघायचं. या पदाच्या अटींमध्ये पदवी किंवा स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स, कॉम्प्युटरचं ज्ञान आणि चक्क दुचाकीचं पक्कं लायसन्स असतं! एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक लागतात, तिथे समाजकार्य आणि मानसशास्त्रवाल्यांना संधी आहे. आकडेवारीवाल्यांना डेटाचं काम आहे. प्राणिशास्त्रवाल्यांना कीटकांचं आहे. आणि आम्हा मास कॉमवाल्यांनाही आहे. लोकांना समजेल अशा भाषेत सांगणं हा या क्षेत्राचा अर्धा भाग आहे. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ हे वाक्य बघा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला भांडी रिकामी केली की त्याची साखळीच तुटते. एवढं सगळं शास्त्र ‘कोरडा दिवस’ या दोन शब्दांत कुणीतरी बसवलंय. मला तर ती भारी कॉपीरायटिंग वाटते.

आधी जाहिरात, मग अ‍ॅडमिशन

आता एक कडू गोष्ट. माझ्या मावसभावाने बारावीनंतर एका खासगी संस्थेत ‘हेल्थ’ नाव असलेला एक डिप्लोमा केला. फी साठ हजार. काकांनी पतपेढीतून कर्ज काढलं. भिंतीवर कोट घातलेल्या मुलांचे फोटो होते आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असा बोर्ड होता. वर्षभराने जिल्हा परिषदेची भरती निघाली, तेव्हा कळलं, की शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात त्याच्या डिप्लोम्याचं नावच नाही. तो आज एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभा राहतो. काम वाईट नाही, पण ते करायला त्या डिप्लोम्याची गरज नव्हती. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. दिवाळीला भेटलो तेव्हा तो म्हणाला, ‘मला फक्त आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं गं.’

म्हणून मी तुम्हाला सांगते. आपण नेहमी उलटं करतो, आधी कोर्स निवडतो आणि मग नोकरी शोधतो. इथे नोकरीची जुनी जाहिरात आधी वाचा. जिल्हा परिषद, महापालिका, राष्ट्रीय आरोग्य अभियान, सगळ्यांच्या जुन्या जाहिराती ऑनलाइन मिळतात. त्यातली ‘शैक्षणिक अर्हता’ ही ओळ शब्दशः लिहून घ्या. मग कोर्स घेणाऱ्या संस्थेत जा आणि विचारा, ‘तुमच्या सर्टिफिकेटवर नेमकं हेच नाव असतं का? मान्यता कुणाची? लेखी द्याल का?’ मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर मागा. जी संस्था नंबर द्यायला टाळाटाळ करते, तिथून निघून या. फी भरण्याआधी एवढी एक दुपार खर्च केली असती, तर माझ्या मावशीच्या घरातला हप्ता वाचला असता.

हे आपल्याच कॉलेजात का नाही?

मावसभावाला साठ हजारांच्या दुकानात का जावं लागलं? कारण त्याच्या तालुक्याच्या कॉलेजात असं काही शिकवतच नव्हते. इथे मला अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज आठवतं. घराजवळ, कमी फीचं, दोन वर्षांचं कॉलेज. अठरा वर्षांचा मुलगाही येतो आणि चाळिशीतली बाईही. दोन वर्षांनी नोकरीला लागा किंवा तेच क्रेडिट घेऊन विद्यापीठात पुढे शिका. सार्वजनिक आरोग्याची पहिली पायरी तिथे अशी अनेक जण चढतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९९५ मध्ये पुदुच्चेरीत पहिलं कम्युनिटी कॉलेज सुरू झालं, पुढे यूजीसीनेही योजना आणली. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. म्हणजे दार आहे, पण कुणी उघडत नाही. या लेखासाठी मी चार कॉलेजांत गेले. कौशल्याचे कोर्स म्हणून टॅली, ब्युटी, रिटेल, फोटोग्राफी सगळं होतं. आरोग्याचं काही नव्हतं. एका प्राचार्यांनी तर मला विचारलं, ‘त्याला हॉस्पिटल लागेल ना?’ सर, हॉस्पिटल नाही लागत. शेजारचं प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं आणि ते तालुक्यात कुठे ना कुठे असतंच.

माझ्या मते अशा कोर्समध्ये चारच गोष्टी असाव्यात. पाणी आणि स्वच्छता. सरकारी आरोग्य यंत्रणा कशी चालते ते. लोकांशी बोलायचं कसं. आणि मोजायचं कसं. मोजायचं म्हणजे काय, तर हे बघा. दोन हजार वस्तीच्या गावात डेंग्यूचे १० पेशंट आणि एक लाखाच्या शहरात १००. बातमी कुठली होणार? शहराची. पण गावात हजारी पाच आहेत आणि शहरात हजारी एक. धोका गावात पाचपट आहे! हे गणित पाचवीचं आहे, पण ते करायची सवय नसल्यामुळे फवारणीची गाडी शहरात फिरत राहते. आठवड्यातला एक दिवस आरोग्य केंद्रात, शिक्षण मराठीत, फी इतर कोर्सइतकीच. एनएसएसच्या शिबिरात आपण झाड लावून फोटो काढतो. त्याऐवजी एका वाडीच्या पाण्याची तपासणी करून त्याचा तक्ता ग्रामपंचायतीला दिला तर?

‘पण नोकऱ्या कुठेत?’

हा प्रश्न तुम्ही विचारणार आणि विचारायलाच पाहिजे. खोटं गोडगोड मी लिहिणार नाही. या क्षेत्रातल्या खूप जागा कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा ऑर्डर. आरोग्य अभियानातले कर्मचारी कायम करा म्हणून आंदोलनं करतात, आशाताई मानधनासाठी आझाद मैदानावर बसतात. आमच्याकडे आलेल्या त्या मुलाला मी पगार विचारला, तर तो म्हणाला, ‘कंत्राट आहे ताई. मार्चनंतर बघू.’ साथ आली की आपण त्यांना योद्धे म्हणतो, टाळ्या वाजवतो. साथ गेली की त्यांची फाइल टेबलावर पडून राहते.

मग अशा क्षेत्रात कशाला जायचं, असं कुणी म्हणेल. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, नोकरीची हमी आज कुठल्या पदवीला आहे? इंजिनिअरिंगला आहे? माझ्या मास कॉमला तर नाहीच नाही. निदान इथलं काम संपणार नाही. पाणी रोज लागतं, डास दर पावसाळ्यात येतो. दोन, या जागा कायम व्हाव्यात म्हणून आवाज कोण उठवणार? ज्या कामाबद्दल शिकलेल्या मुलांना माहितीच नाही, त्या कामाची किंमत सरकार तरी का करेल? आपण हे शिकायला लागलो, कॉलेजांत याचे विभाग झाले, तर ही मागणी फक्त मैदानावर बसलेल्या ताईंची राहणार नाही.

मी मात्र तुम्हाला ‘सगळं सोडा आणि एमपीएच करा’ असं सांगत नाहीये. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने जरूर व्हावं. पण नीटच्या निकालानंतर जो मागच्या बाकावर गप्प बसलाय, त्याला हे पान दाखवा. आणि एक छोटं काम आजच करा. तुमच्या हॉस्टेलच्या, रूमच्या किंवा घराच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा. गच्चीवर जाऊन झाकण आहे का बघा.

आम्ही चौघी आता त्या फ्लॅटमध्ये राहत नाही. पण नव्या घरी सामान ठेवायच्या आधी मी गच्चीवर जाऊन आले. झाकण होतं. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘अगं, आजपर्यंत कुणी भाडेकरूने हे बघितलं नव्हतं.’